सात मोटारींची गोष्ट आता पुरे!

मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा, यांच्याविषयी काय ठाऊक आहे असे कोणत्याही मराठी घरात विचारून पाहा. उत्तर ठरलेले आहे. गीता बालीबरोबरचा 'अलबेला', त्यातली गाणी, तो डुलत डुलत केलेला नाच. आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज किंचित खाली आणून, सात मोटारींची गोष्ट. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक मोटार होती म्हणे! जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला होता म्हणे! आणि शेवटी काय? दादरची चाळ! एवढे सांगून झाले की सांगणारा सुस्कारा सोडतो, ऐकणारा मान हलवतो, घरातल्या वयात आलेल्या मुलाकडे एक सूचक कटाक्ष जातो, आणि चकलीचा पुढचा तुकडा मोडला जातो.

ही गोष्ट मी आजवर इतक्यांदा ऐकली आणि वाचली आहे की तिचा मला कंटाळा आला आहे. कंटाळ्याचे एक वेळ सोडा. मला तिचा राग येतो. राग अशासाठी की, ती खोटी नसली तरी अर्धी आहे, आणि अर्धी आहे ती सोयीने अर्धी आहे. ज्या माणसाने १९३० साली कॅमेऱ्यापुढे पहिले पाऊल टाकले त्याची गोष्ट आपण १९५१ साली सुरू करतो आणि त्याच्या कर्जापाशी संपवतो. एखाद्या दुकानदाराच्या वहीतले जमेचे पान फाडून टाकावे, खर्चाचे तेवढे चौकात वाचून दाखवावे आणि वर म्हणावे, पाहा, कसा बुडाला! मधल्या एकवीस वर्षांत हा गृहस्थ काय करीत होता, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते: स्टंटपट. आणि तो शब्द उच्चारताना आपल्या नाकाचा शेंडा जो जरासा वर जातो, त्या शेंड्याशी माझे भांडण आहे.

तेव्हा आधी जमेचे पान वाचू.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. त्याच वर्षाच्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला होता; म्हणजे आपला सिनेमा आणि हा मुलगा एकाच वयाचे. वडील मुंबईत गिरणी कामगार. स्वतः भगवानही मोलमजुरी केलेला. शिक्षणाची फारशी शिदोरी नाही, रूप म्हणावे असे रूप नाही, उंची बेताची, अंग गोलसर. भांडवल एकच, ते म्हणजे व्यायामाने कमावलेले शरीर आणि ते कुठूनही खाली टाकण्याची तयारी. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत, १९३० च्या 'क्रिमिनल'मध्ये त्यांना काम मिळाले. मग बोलपट आले, आणि पडद्यावर ज्यांना बोलता येत नव्हते त्यांची धांदल उडाली. भगवान मात्र टिकले, कारण त्यांचे मुख्य बोलणे हातापायांचेच होते. स्टुडिओत पडेल ते काम करता करता कॅमेरा कसा लावतात, तुकडे कसे जोडतात, हे शिकून घेतले. आणि १९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादुर किसान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. तेथून १९४९ पर्यंत मारधाडीच्या, थोडक्या पैशांत होणाऱ्या चित्रपटांची रांग लागली. १९४२ साली स्वतःची 'जागृती पिक्चर्स' ही संस्था, १९४७ साली चेंबूरला स्वतःचा 'जागृती स्टुडिओ'. चेंबूर म्हटले की आपल्याला राज कपूर यांचा आर. के. आठवतो, तो १९४८ चा. गिरणी कामगाराचा मुलगा चौतिसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःच्या स्टुडिओचा मालक होतो, आणि हे सारे 'अलबेला'च्या चार वर्षे आधी! ज्यांना मुलाबाळांना धडाच द्यायचा आहे त्यांनी हा का देऊ नये, हे मला कळत नाही.

परंतु मालकी ही काही माझी मुख्य तक्रार नव्हे. मुख्य तक्रार कामाची आहे.

स्टंटपट काढणे म्हणजे काय काम असते याची कल्पना आपल्याला नसते. पैसे मोजके, सेट मोजके, दिवस मोजके. नामवंत नटाला घेण्याची ऐपत नाही. आणि घेतला तरी तो माडीवरून उडी मारायला नकार देणार. मग दिग्दर्शकच उडी मारतो. एका माणसाच्या पगारात दोन माणसे मिळतात, हा हिशोब तर झालाच; पण त्या हिशोबातून एक निराळीच कला जन्माला आली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. आजच्या दिग्दर्शकापुढे एक लहानसा पडदा असतो. नटाने काय केले ते त्यात लगेच दिसते, आवडले नाही तर पुन्हा. त्या काळी तसे काही नव्हते. फिल्म धुऊन यायची तेव्हा कळायचे की उडी चौकटीत बसली की बाहेर गेली. मग स्वतः उडी मारणाऱ्या दिग्दर्शकाने काय करावे? कॅमेरा कुठे आहे, चौकट कुठे संपते, आपला खांदा कोणत्या क्षणी कड ओलांडील, हे सगळे त्याने डोळ्यांनी न पाहता अंगानेच जाणले पाहिजे. मल्लखांबावरचा मुलगा खांबाकडे पाहत नाही, तसे. आणि चुकले तर दुसरी फिल्म नाही. फिल्म होती तर दुसरे गुडघे नाहीत. भगवानदादा डग्लस फेअरबँक्सचे भक्त होते, उड्या आणि मारामाऱ्या बदली माणूस न घेता स्वतः करीत, आणि राज कपूर त्यांना हिंदुस्थानचा डग्लस म्हणत, असे सांगतात. मला त्या तुलनेचे फारसे कौतुक वाटत नाही. फेअरबँक्सच्या मागे हॉलिवूडची तिजोरी होती. भगवानांच्या मागे चार आण्यांचा पिट होता.

आणि एक गोष्ट. या माणसाने १९३९ साली 'जयक्कोडी' आणि १९४१ साली 'वनमोहिनी' असे दोन चित्रपट तमिळमध्ये दिग्दर्शित केले. अमरावतीत जन्मलेला, गिरणगावच्या हवेत वाढलेला मराठी माणूस तमिळ चित्रपट करतो, ही गोष्ट कोणा पदवीधराच्या चरित्रात असती तर आपण तिच्यावर व्याख्यानमाला केली असती. या दोन्ही चित्रपटांचे संगीत रामचंद्र चितळकर नावाच्या एका तरुणाचे होते. तोच पुढे सी. रामचंद्र झाला. त्याला हिंदीत स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी दिली तीही भगवानांनीच, १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये. 'अनारकली'च्या चाली ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांना या नावाची फोड करून सांगितली पाहिजे: तुमचे अण्णा ज्या शाळेत वाढले ती शाळा मारधाडीच्या सिनेमाची होती.

आता नाकाच्या शेंड्याकडे येतो.

आपल्या मराठी मध्यमवर्गाचे सिनेमावर प्रेम आहे, पण ते सोवळ्यातले प्रेम आहे. 'संत तुकाराम' १९३६ चा. तो व्हेनिसला गौरवला गेला याचा आपल्याला अभिमान आहे, आणि असलाच पाहिजे. 'कुंकू' आणि 'माणूस' यांच्यावर आपण पुस्तके लिहिली, परिसंवाद घेतले. हे सगळे योग्यच झाले. प्रश्न असा की, त्याच वर्षांत त्याच मुंबईत गिरणीचा भोंगा झाल्यावर जो हजारोंचा घोळका तिकिटाच्या खिडकीशी लोटत होता, तो काय पाहत होता? तो वाडिया बंधूंची 'हंटरवाली' पाहत होता, तो मास्टर विठ्ठलची तलवार पाहत होता, तो भगवानच्या कोलांट्या पाहत होता. तीही मराठी माणसेच होती. कोकणातून, घाटावरून आलेली, आठ-दहा तास मागावर उभी राहिलेली. त्यांना पडद्यावर असा एक बुटका, भाबडा, साध्या चेहऱ्याचा माणूस दिसे, ज्याला सगळे बावळट समजतात आणि जो वेळ आली की चौघांना लोळवतो. ही करमणूक हलकी, असे कोणी म्हणायचे? ज्याला दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाव्या लागत नाहीत त्याने?

आणि गंमत पाहा. आपण ज्यांना दैवत मानतो त्या व्ही. शांताराम यांनी स्वतः १९३० साली 'खूनी खंजर' नावाचा मूकपट काढला होता. नावावरूनच कळते की त्यात कीर्तन नव्हते. त्याच वर्षीच्या 'उदयकाल'मध्ये त्यांनी दिग्दर्शनही केले आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. म्हणजे तलवार हातात घेऊन स्वतःच स्वतःला दिग्दर्शन करणारा तरुण, हेच त्यांचेही रूप होते. त्यांचे गुरू बाबूराव पेंटर यांच्या १९२३ च्या 'सिंहगड'ची महती ज्या लढाईमुळे आहे ती लढाई म्हणजे दुसरे काय होते? मराठी सिनेमा तालमीच्या लाल मातीतून उठला आहे. पुढे आपण पाय धुतले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ज्याने पाय धुतले नाहीत त्याला ओळख द्यायची नाही, हा कुठला न्याय?

यावर नेहमीचे उत्तर असे की, शेवटी भगवानांनीही स्टंटपट सोडलेच ना? राज कपूर यांनी सल्ला दिला, आणि त्यांनी 'चांगला' सामाजिक चित्रपट काढला! हे उत्तर देणाऱ्यांनी 'अलबेला' डोळे उघडे ठेवून पाहिलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या चित्रपटाची कथा काय? प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा. बहिणीच्या लग्नाला पैसे जमवायचे आहेत, नोकरी टिकत नाही, डोक्यात नाटकाचे वेड. बाप घराबाहेर काढतो. मुलगा रंगभूमीवर मोठा होतो. घरी पाठवलेले पैसे घरच्यांपर्यंत पोचत नाहीत, आणि परत येतो तो घराची दुर्दशा झालेली. या कथेत नवे असे काही नाही, अश्रू ढाळायच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्या जागी भगवान काही मोठा अभिनय करतात असेही मी म्हणणार नाही. रडण्याच्या प्रसंगात ते अवघडतात. त्यांचे हात काय करावे ते त्यांना कळत नाही. परंतु संगीत सुरू झाले की तो माणूस पाहावा! गीता बालीसारखी विजेसारखी चपळ नटी शेजारी, आणि हा गोल अंगाचा गडी जागचा हलल्यासारखाही दिसत नाही. कोपर किंचित उचललेले, कंबर एवढीशी डावीकडे, एवढीशी उजवीकडे, पावले चुटपुटती, चेहऱ्यावर लग्नघरातल्या पाहुण्याचे हसू. ज्याने वीस वर्षे उड्या मारल्या त्यालाच हे ठाऊक असते की उडी न मारण्यात किती जोर असतो. हातातली ताकद दाबून धरलेल्या पैलवानाची ती चाल आहे. आणि ती चौकटीत नेमकी कुठे बसवायची, हे ज्याला कळले तोही तोच माणूस, कारण दिग्दर्शक तोच. अण्णांचे संगीत, गाण्यांत भगवानांच्या तोंडी खुद्द अण्णांचाच आवाज, गीता बालीच्या तोंडी लता मंगेशकर. आणि या साऱ्यावर ही चाल. १९५१ साली 'आवारा' आणि 'बाझी' यांच्या खालोखाल 'अलबेला' चालला. स्टंटपटाचा जो धंदा आपण हलका म्हणतो, त्या धंद्याचे वीस वर्षांचे व्याज त्या नाचात वसूल झालेले आहे.

अमिताभ बच्चन यांच्या नाचाची जी लकब म्हणून देशभर ओळखली जाते ती कुठून आली, हे जाणकारांना सांगायला नको. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही असा कोणीही, बँकेतला कारकून, भाजीवाला, पोट सुटलेला काका, लेझीम संपली की जे काही करतो ते काय असते? हात किंचित वर, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे. ते भगवानदादांचे आहे. दादरच्या मिरवणुका त्यांच्या घरापुढे थांबत आणि 'अलबेला'ची गाणी वाजवून त्यांना खाली बोलावीत, असे दादरकर सांगतात. नाच न येणाऱ्या एका अख्ख्या समाजाला ज्याने नाच दिला त्याचे ऋण आपण रस्त्यावर मान्य करतो आणि घरात, ताटावर बसल्यावर, सात मोटारी मोजतो!

माझ्या विरोधकांकडे एक मुद्दा मात्र असा आहे की तो मला टाळायचा नाही. १९४२ साली एका चित्रीकरणात थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. समोर ललिता पवार. येवल्याची ही बाई तेव्हा नायिका होती. नुसती नायिका नव्हे, स्वतः चित्रपट काढण्याची धमक दाखवलेली. भगवानांचा हात खराच पडला, आणि इतका जोरात पडला की तिच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत वर्षे गेली. नायिकेचे आयुष्य संपले. पुढे त्याच डोळ्याने तिने 'अनाडी'तली मिसेस डिसा केली, दूरदर्शनवरची मंथरा केली, आणि घराघरांत पोचली. पण 'वाईटातून चांगले झाले' असले शहाणपण मी इथे सांगणार नाही. ते तिचे कर्तृत्व होते, त्या थपडेचे नव्हे.

इथे मला पुन्हा शांताराम आठवतात. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये ते स्वतः बैलाशी झुंजले, त्यात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि काही काळ ते अंधारात होते. ही हकीकत आपण कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतो. दोन्हीकडे डोळाच गेलेला आहे, दोन्हीकडे दिग्दर्शन आणि अभिनय यांचे वेड आहे. तरी या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मी आधी कबूल करतो: एकाने स्वतःचा डोळा पणाला लावला, दुसऱ्याच्या हातून दुसऱ्याचा गेला. स्वतःचे हाड मोडून घेण्याची सवय झालेला माणूस दुसऱ्याच्या हाडाची किंमत विसरतो, हा त्या धंद्याचा खरा दोष होता. आखाड्यात वस्ताद असतो, 'हां, बस्स' म्हणणारा. मारामारी बसवणारा, ती करणारा आणि ती चित्रित करणारा जेव्हा एकच माणूस असतो तेव्हा 'बस्स' म्हणायला कोणी उरत नाही. भगवानांवर खटला भरायचा तर तो या कलमाखाली भरा. मी त्यांचा वकील म्हणून उभा राहणार नाही. पण तसे कोणी करीत नाही. त्या थपडेचीही आपण एक चुरचुरीत आख्यायिका करून टाकली आहे, आणि गंभीर आरोप म्हणून शिल्लक ठेवला आहे तो कोणता? मोटारींचा!

आता त्या मोटारींकडे, एकदाच.

'अलबेला'नंतर १९५३ साली 'झमेला' आला. तो तसा चालला नाही. १९५६ साली किशोर कुमारला घेऊन 'भागम भाग' काढला. १९६६ च्या 'लाबेला'नेही काही साधले नाही. मधल्या काळात दुसऱ्यांच्या चित्रपटांत लहान लहान कामे केली. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' त्यांतलीच. पुढे तर नुसते गाण्यात येऊन चार पावले टाकून जाण्याची कामे. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. दारू, जुगार, अव्यवहारीपणा यांची नावे यात घेतली जातात. ती घेणारांशी मी वाद घालीत नाही. माझा वाद निराळा आहे. दादासाहेब फाळके यांनी सिनेमासाठी बायकोचे दागिने गहाण टाकले, आणि १९४४ साली नाशिकला ते हलाखीतच गेले. त्यांच्या दारिद्र्याला आपण त्याग म्हणतो. भगवान स्वतःचा पैसा पुन्हा पुन्हा स्वतःच्या सिनेमात घालून बुडाले; त्यांच्या दारिद्र्याला आपण उधळेपणा म्हणतो. फाळक्यांची थोरवी मला ठाऊक आहे, आणि दोघांना एका पंगतीला बसवण्याचा हट्टही नाही. पण पैसा बुडण्याची जी रीत एकाच्या बाबतीत तपश्चर्या ठरते ती दुसऱ्याच्या बाबतीत व्यसन कशी ठरते? एकाने देव दाखवले आणि दुसऱ्याने मारामाऱ्या दाखवल्या, याहून दुसरे कारण मला दिसत नाही. शिवाय एकाचा प्रेक्षक अंगरखा घालून येत होता आणि दुसऱ्याचा गिरणीचा कापूस अंगावर घेऊन.

अमेरिकेत बस्टर कीटन नावाचा असाच एक गडी होऊन गेला. बुटका, चेहऱ्यावर हसू नाही, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नट, स्वतःच उडी मारणारा. १९२४ च्या एका चित्रपटात मानेचे हाड मोडले तरी काम करीत राहिला. १९२८ च्या दुसऱ्या चित्रपटात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि खिडकीच्या भोकातून तो शाबूत उभा राहतो. इंच दोन इंच चूक झाली असती तर तिथेच संपला असता. हाही दारूत बुडाला, पैसा गेला, नाव गेले. पण तिकडच्या लोकांनी काय केले? त्याच्या जुन्या फिल्मा शोधून काढल्या. त्याच्याच जुन्या घरात काही सापडल्या. त्या पुन्हा दाखवल्या, १९६० साली त्याला खास ऑस्कर दिले, आणि आज जगातल्या कोणत्याही सिनेमाच्या शाळेत त्याची ती भिंत दाखवल्यावाचून वर्ग संपत नाही. त्याच्या दारूची गोष्ट तिथेही सांगतात. पण भिंत दाखवून झाल्यावर.

आपण भिंत कुठून दाखवणार? आपल्याकडे ती उरलेलीच नाही. ही माझ्या रागाची खरी जागा आहे. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते, सडते, चिकटते. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून ती वितळवून विकणारेही होते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्याला निघाले ते १९६४ साली, आणि तोवर व्हायचे ते नुकसान बहुतेक होऊन गेले होते. पहिला बोलपट 'आलम आरा', त्याचा नायक आपला मास्टर विठ्ठल, त्याचीसुद्धा प्रत शिल्लक नाही. मग स्टंटपटांना कोण विचारतो? जे सांभाळायचे ते आधी मनाने सांभाळावे लागते. ज्याला आपण कचरा ठरवले त्याचे डबे कोण जपून ठेवील? 'बहादुर किसान'पासून 'भेदी बंगला'पर्यंत भगवानांनी जे काम केले त्याचे अभ्यासाला मिळेल असे कितीसे उरले आहे? ती बहुतेक नावांची यादी आहे. म्हणून आपली समीक्षा हाती लागलेला 'अलबेला' तेवढा धरून बसते, आणि उरलेली जागा मोटारींनी भरते. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर मराठीत चित्रपट निघाला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले, विद्या बालन गीता बाली झाली, कामे मनापासून केलेली होती. पण नाव काय दिले? 'एक अलबेला'!

भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी गेले. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी मूकपट पाहिला होता, बोलपट पाहिला होता, रंगीत पडदा आणि दूरदर्शनही पाहिले होते. त्यांच्या ऐन भरातले स्टंटपट ज्यांनी पिटात बसून पाहिले ती पोरे आज असतील तर नव्वदीच्या घरात असतील. कुणाच्या आजोबांच्या, पणजोबांच्या रूपाने ती अजून काही घरांतून, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली आहेत. त्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नसेल, परंतु लहानपणी पाहिलेली मारामारी आठवत असते, हे मी खात्रीने सांगतो. या चार दिवसांत घर भरलेले आहे, फराळ आहे, वेळ आहे. एखाद्या पोराने वही पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे बसावे आणि विचारावे: आजोबा, भगवानचा कोणता सिनेमा पाहिला होता? थेटर कोणते? तिकिटाला किती आणे? बरोबर कोण होते, आणि घरी कळल्यावर मार किती बसला? सिनेमाचे नाव त्यांना सांगता आले नाही तर ओढून काढू नये. तो उडी कुठून मारायचा आणि पडायचा कसा, एवढे मात्र नीट विचारून घ्यावे, आणि त्यांनी हात उचलून दाखवायला सुरुवात केली तर लिहायचे थांबवून पाहावे.